एका बाटलीत नगर

डॉक्टर पेशंटच्या छातीला नळी लावण्याआधी ती स्वतःच्या सदऱ्याला पुसून घेत, कारण तिला बहुतेक वेळा ऑइल लागलेलं असे. त्याच नळीनं ते सकाळी गाडीच्या इंजिनाचे ठोके ऐकत. एकदा एका म्हाताऱ्याला तपासताना डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "एक टॅपेट वाजतंय." म्हातारा घाबरला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "कंपोंडर, खरं सांगा, किती दिस हायेत माझं?" मी त्याला सांगितलं की डॉक्टर गाडीबद्दल बोलतायत. ते खरोखर गाडीबद्दल बोलत होते की म्हाताऱ्याबद्दल, हे मलाही नक्की माहीत नव्हतं.

मी त्यांच्याकडे कंपाउंडर होतो. खर्ड्यात वेशीच्या आतल्या अंगाला दवाखान्याच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत पेशंट, मागच्या खोलीत औषधं आणि डॉक्टरांची खाट, आणि परसात पत्र्याच्या शेडमध्ये गाडी. या तिन्हींत सगळ्यांत स्वच्छ जागा शेड. तिथं चप्पल घालून गेलं तर ओरडत. दवाखान्यात लोक विड्या ओढत, त्याला ते काही म्हणत नसत.

ते मूळचे कुठले, हे गावाला कधी कळलं नाही. बायको नाही, पोर नाही, सणावाराला येणारं माणूस नाही. भाकरीचा डबा आमच्या घरून जाई. आई रोज सकाळी डबा भरताना म्हणायची, "त्या डाक्टरला कुनी न्हाई गं बाई," आणि एक भाकरी जास्त ठेवायची. कुणाला म्हणायची ते माहीत नाही, कारण घरात त्या वेळी माझ्याशिवाय कुणी नसे. धाकटी बहीण सुमन तेव्हा नुकतीच लग्न होऊन श्रीरामपूरला गेली होती.

डॉक्टरांचं स्वतःच्या विद्येबद्दलचं मत फार वाईट होतं. "कंपाउंडर, माझ्याकडे औषध एकच," ते म्हणत. "त्याचं नाव नगर." ताप, खोकला, खरूज, गळू एवढं आम्ही आटोपत होतो. त्याच्या पलीकडचं काही आलं की पेशंटची नाडी धरून ते नगरच्या दिशेनं बघायला लागत. तिथं मोठा सरकारी दवाखाना, तिथं ऑपरेशन, तिथं रक्त. आणि मध्ये जामखेड, आष्टी, कडा आणि चिचोंडीच्या अलीकडचा तो चढ. "मी डॉक्टर नव्हे, मी टपालवाला. पार्सल न फुटता पोचवायचं, एवढंच माझं काम," असं ते पेशंटच्या नातेवाइकांसमोर म्हणत. नातेवाईक माझ्याकडे बघत आणि मी तिसरीकडे.

त्यांनी त्या रस्त्याला एक माप लावलं होतं. मी कामाला लागण्याआधी पटकीचा एक पेशंट त्यांनी नगरला नेला होता. सलाइनची एकच बाटली जवळ होती. ती कड्याला संपली आणि तो माणूस चिचोंडीच्या चढावर दगावला. तेव्हापासून डॉक्टरांच्या लेखी मैल, तास वगैरे सगळं बाद झालं. आष्टी अर्ध्या बाटलीत यायला हवी. कडा पाऊण बाटलीत. थेंबांची एक ठरलेली चाल त्यांनी पक्की केली होती आणि त्या चालीनं एक बाटली संपायच्या आत नगरचा जकात नाका दिसला पाहिजे, एवढंच त्यांना आयुष्यात हवं होतं. "एका बाटलीत नगर," असं ते दुसरे लोक रामराम म्हणतात तसं म्हणत. गावातली पोरंटोरंसुद्धा आम्ही परत आलो की वेशीत विचारत, "डाक्टर, आज कुटं सपली?"

आता गाडीबद्दल. लांबलचक, मागं दार उघडणारी, काळपट हिरवी जुनी स्टेशन वॅगन. मागच्या सीट काढून तिथं फळी टाकलेली, आणि टपाच्या आतून बाटली अडकवायला एक आकडा. तिचं मूळचं इंजिन म्हणजे दम्याचा पेशंट होता. चढ आला की उकळायचं. मग नगरच्या कॅम्पात लष्करी भंगाराचा लिलाव झाला तेव्हा डॉक्टरांनी एका मोडक्या लॉरीचं इंजिन उचलून आणलं. आठ सिलिंडरचं, दोन्ही अंगांना चार-चार. जामखेडच्या रशीदभाईंनी ते त्या गाडीत बसवलं. रशीदभाई म्हणजे अख्ख्या तालुक्याचे मिस्तरी, शांत माणूस, पण ते इंजिन बसवताना त्यांनीही दोनदा काम सोडलं. इंजिन गाडीपेक्षा मोठं होतं. बॉनेट लागेना, तेव्हा त्याला भोक पाडलं आणि त्यातून इंजिनाचं टाळकं वर येऊ दिलं. पण गाडी पळायला लागली हे खरं. पहिल्या इंजिनावर कड्याला संपणारी बाटली कड्याच्या पुढं जायला लागली.

आणि ही प्रगती मोजायची कशी, तर माझ्या जिवावर. पेशंट नसला तरी महिन्याकाठी आमची चाचणी निघे. जुन्या बाटलीत उकळलेलं पाणी भरायचं, ती आकड्याला लावायची, आणि नळीचं टोक डालड्याच्या डब्यात सोडून मी मागं फळीवर बसायचं. रस्त्यावरून लोक बघत. कड्याला आम्ही चहाला थांबत असू. तिथला हॉटेलवाला दर वेळी काचेतून आत वाकून मला विचारायचा, "आता कसं काय वाटतंय पाव्हणं?" सुरुवातीला मी समजावलं. नंतर सोडून दिलं. पण त्या पंचक्रोशीत, खर्ड्याच्या कंपोंडरला काहीतरी असाध्य रोग आहे आणि त्याला दर महिन्याला नगरला नेतात, अशी बातमी पक्की झाली. आष्टीकडचं एक जमत आलेलं स्थळ त्यापायी मोडलं. डॉक्टरांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं. जे लोक नळीचं टोक कुठे गेलंय तेही बघत नाहीत, त्यांच्याशी सोयरीक कशाला?"

गाडी कुणाला मागायची सोय नव्हती. निवडणुकीच्या वेळी पुढारी प्रचाराला मागायला आले. आले म्हणजे काय, बसलेच. डॉक्टर म्हणाले, "न्या की." पुढाऱ्यांनी किल्ली फिरवून फिरवून हात दुखवून घेतला, चार माणसांनी वेशीपर्यंत ढकलली, पण गाडी चालू झाली नाही. प्लगांना ठिणगी वाटून देणारा रोटर नावाचा बोटभर तुकडा डॉक्टरांच्या खिशात होता. तो कायमच त्यांच्या खिशात असे. बोलता बोलता ते तो खिशातल्या खिशात कुरवाळत. पेशंटला वाटे, माळ जपतायत.

तर, बाटली कड्याच्या पुढं सरकली आणि चिचोंडीच्या त्या चढाशी येऊन अडली. चढावर गाडी धापा टाकू लागे आणि माझ्या डोळ्यांदेखत बाटली कोरडी होई. तेव्हापासून डॉक्टरांच्या डोक्यात हेड शिरली. हेड म्हणजे काय हे त्यांनी मला आमच्या आईच्या चुलीपाशी बसून समजावलं होतं. सिलिंडर म्हणजे पातेलं आणि हेड म्हणजे त्यावरचं झाकण. झाकण आतून जितकं उथळ आणि घट्ट, तितका आतला दाब जास्त, आणि दाब जास्त तितका जोर जास्त. "लॉरीचं इंजिन आहे हे, त्याची झाकणं बैलाच्या चालीची आहेत," ते म्हणाले. "आपल्याला घोडा पाहिजे." आई म्हणाली, "डाक्टर, आदी भाकर खावा."

पहिला उपाय म्हणून त्यांनी होती तीच बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, हेड नगरला नेऊन घासून पातळ करून आणली. पुढचाच पेशंट साप चावलेला निघाला. गाडी चढापर्यंत अशी सुटली की मला देव आठवला, आणि ऐन चढावर ठप्प आवाज होऊन बॉनेटच्या भोकातून वाफेचा खांब वर गेला. दाब वाढला होता, तो झाकणाखालच्या गॅस्केटला सोसला नव्हता. शेवटी साप चावलेला माणूस स्वतः खाली उतरला आणि आमच्याबरोबर ढकलू लागला. साप बिनविषारी होता म्हणून बरं. तो माणूस पुढं कैक वर्षं सांगत असे की ढकलताना आलेल्या घामानं त्याचं विष उतरलं.

मग नगरच्या एका भंगारवाल्याकडे डॉक्टरांना एक वेगळंच हेड सापडलं. त्याच जातीच्या इंजिनाचं, पण बिडाचं नाही, ॲल्युमिनियमचं. जर्मनच्या पातेल्यासारखं पांढरं आणि उचलायला हलकं, आणि आतली खोली कमी. शर्यतीच्या गाड्यांना बसवत असत म्हणे. पण इंजिनाला हेड दोन लागतात, आणि भंगारात होतं एकच. डॉक्टरांनी ते आणलं, राख लावून घासलं आणि दवाखान्यात टेबलावर ठेवलं. तिथं ते मला वाटतं तीन दसरे राहिलं. पेशंटना ते तपासणीचं यंत्र वाटे. काही बायका दवाखान्यात शिरताना त्याला हात जोडत. दसऱ्याला मी त्याला झेंडूची माळ घालत असे, तेव्हा डॉक्टर खिन्न होऊन म्हणत, "एकटंच आहे बिचारं." येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक ट्रक ड्रायव्हरला ते त्याची जोड शोधायला सांगत. माझ्या लग्नाची एवढी काळजी माझ्या आईनंसुद्धा केली नाही.

इथवर मी हसत सांगतो. लोकांना सांगताना मी बहुतेक इथंच थांबतो.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात सुमनला सातवा लागला. दुष्काळ असा की विहिरींत दगड दिसत होते आणि अर्धं गाव जामखेडच्या रस्त्यावर खडी फोडत होतं. सुमनच्या सासूनं निरोप धाडला होता की पोरीला इथंच राहू द्या. आई, मी आणि डॉक्टर गाडी घेऊन आणायला गेलो तेव्हा तोंडानंही म्हणाली, "इहीनबाई, हितं दवाखाना दारात हाय. पान्याचे हाल न्हाईत. हितंच हुं द्या." चांगली बाई होती ती. पण आईला ते अपमानासारखं लागलं. "पयलं बाळातपन म्हायेरातच हुतं," आई म्हणाली. "आन् दवाखान्याचं काय सांगता? आमच्या दारात डाक्टर हाय, मोटार हाय. एका बाटलीत नगर गाटती." हे आई बोलली, आणि डॉक्टर मागं उभे होते, ते मान खाली घालून लाजले. त्यांना लाजताना मी तेवढंच पाहिलं.

आणि त्याच दिवशी, श्रीरामपूरच्या स्टेशनाजवळच्या भंगाराच्या ढिगात, त्यांना त्या हेडाची जोड सापडली. रस्त्यावरूनच दिसली. गाडी मध्येच उभी करून ते उतरले, आणि परत आले तेव्हा पोत्यात गुंडाळलेलं हेड छातीशी धरलेलं होतं. सुमन मागच्या फळीवर गादीवर बसली होती, तिच्या पायाशी ते ठेवलं. माझी बहीण आणि ते हेड एकाच गाडीतून, एकाच दिवशी खर्ड्यात आली.

सुमनला लहानपणापासून कुणाचीही टवाळी केल्याशिवाय चैन पडत नसे. रस्ताभर तिनं डॉक्टरांना सोडलं नाही. "डाक्टर, ह्याचंबी डोहाळजेवन करायचं का?" म्हणाली. मग म्हणाली, "आन् मला न्यायची येळ आली तर कितव्या बाटलीत पोचवाल?" डॉक्टरांनी रस्त्यावरची नजर न काढता उत्तर दिलं, "सुमनबाई, एका."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी रशीदभाईंना बोलावणं पाठवलं. रशीदभाईंनी दोन्ही पांढरी हेड मांडीवर घेऊन नीट बघितली, कौतुक केलं, आणि मग ती पोत्यावर ठेवून म्हणाले, "साब, माल एक नंबर हाय. पन आत्ता खोलू नका. बाईचं सुखरूप हुं द्या, मग खोलू."

"बाईसाठीच तर खोलतोय, रशीदभाई," डॉक्टर म्हणाले. "अजून दोन-अडीच महिने आहेत. काम दोन दिवसांचं."

रशीदभाईंनी पान्यांची पिशवी उघडली. मलाही तेच बरोबर वाटत होतं. होतं त्या इंजिनावर बाटली चढाशी संपते आणि नव्यावर नगर गाठेल, तर नवंच हवं. आजही मी तो हिशेब उलटसुलट करून बघतो आणि मला त्यात चूक सापडत नाही.

जुनी हेड या खेपेला निघेनात. मधल्या वर्षांत खाऱ्या पाण्यानं ती इंजिनाला धरून बसली होती. आधी तेल पाजलं, मग शेक दिला, शेवटी घण मारला. एक निघालं ते तडकून, आणि ज्यांच्यावर हेड आवळतात त्या स्टडांतले बरेचसे आतल्या आत मोडले. म्हणजे नवी हेड बसवता येईनात आणि जुनी परत लावायची सोय राहिली नाही. मोडके स्टड कोरून काढायचे आणि नगरहून लेथवर नवे करून आणायचे, एवढाच मार्ग. नगरला वीज कधी असे, कधी नसे. रशीदभाई जात आणि निम्मं काम घेऊन परत येत. दोन दिवसांचं काम असं पांगत गेलं. डॉक्टर उघड्या इंजिनावर दवाखान्याची धुतलेली चादर पांघरून ठेवत. रोज संध्याकाळी आमच्या घरी येऊन सुमनला विचारत, "काही दुखत नाही ना?" ती म्हणे, "मला न्हाई, तुमच्या गाडीला दुखतंय." ते हसत आणि परत शेडकडे जात.

सुमनला दिवस भरायच्या बरंच आधी कळा लागल्या. सकाळी उन्हं अंगणात येता येता मुलगी झाली. बारकी, पण रडली चांगली. गयाबाई सुईण बाहेर येऊन म्हणाली, "लक्षुमी आली," आणि आईनं माझ्या हातावर गूळ ठेवला. तो गूळ तोंडात असतानाच आतून गयाबाईची दुसरी हाक आली. वार पडत नव्हती आणि रक्त थांबत नव्हतं.

डॉक्टर शेडमधून आले ते धावतच. कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. गयाबाई पाणी ओतत होती आणि त्यांच्या नखांतलं काळं निघत नव्हतं. आत गेले. हात घालून वार काढली, इंजेक्शनं दिली, जे येत होतं ते सगळं केलं. मग बाहेर आले, उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "नगर."

म्हणाले आणि दवाखान्याच्या परसाकडे बघितलं. मीही बघितलं. शेड आमच्या दारातून दिसते.

मी रस्त्याकडे पळालो. दुष्काळी कामावरचा खडीचा ट्रक येत होता. धाप लागल्यामुळे मी ड्रायव्हरला नीट सांगूही शकलो नाही, पण त्यानं ऐकलं, तिथल्या तिथं भर रस्त्यात खडी ओतली आणि ट्रक दाराशी आणला. बाळाला गयाबाईकडे ठेवलं. ट्रकच्या हौद्यात गादी टाकली, आईनं सुमनचं डोकं मांडीवर घेतलं. बाटली अडकवायला आकडा नव्हता. डॉक्टर फाळक्याला पाठ लावून उभे राहिले आणि त्यांनी बाटली हात उंच करून धरली.

ट्रकच्या चालीनं जामखेड येईपर्यंत पहिली बाटली संपत आली. थेंबांची ठरलेली चाल त्या दिवशी नव्हती, नळी सगळी मोकळी सोडली होती. आष्टी मागं पडायच्या आत दुसरीही गेली. मी तिसरी फोडून हातात दिली, तेव्हा सुमननं डोळे उघडले. तोंड पांढरं पडलं होतं, पण ओळख होती.

"डाक्टर," ती म्हणाली, "कितवी?"

"पहिलीच आहे, सुमनबाई," डॉक्टर म्हणाले.

तिनं मान हलवली. तिला ते खरं वाटलं असावं असं मी धरून चालतो. कड्याच्या पुढं ती बोलली नाही. चिचोंडीच्या चढाला ट्रक पहिल्या गेअरमध्ये गेला आणि बैलगाडीच्या चालीनं वर सरकू लागला. त्या चढावर केव्हातरी आईनं तिचे केस नीट केले आणि पदर तिच्या तोंडावरून ओढला. बाटली अर्धी शिल्लक होती. डॉक्टरांनी हात खाली घेतला नाही. नगरचा नाका आला, दवाखान्याचं फाटक आलं, तरी त्यांचा हात वरच होता. शेवटी तिथल्या वॉर्डबॉयनं तो धरून खाली आणला.

मला त्या दिवसांत डॉक्टरांचा इतका राग येई की तोंड बघवत नसे. त्यांच्यावर ओरडावं, ती पांढरी हेड उचलून विहिरीत टाकावीत, असं वाटे. आणि विहिरीत पाणी नव्हतं. गावानं त्यांना एका शब्दानं दोष दिला नाही. "तिची येळ आली हुती," लोक म्हणाले, आणि मला त्यांचाही राग आला. दहावा होईपर्यंत आमच्याकडे चूल शेजाऱ्यांची होती. त्यानंतर पहिल्या दिवशी आईनं चूल पेटवली, भाकरी केल्या आणि डबा भरला. एक भाकरी जास्त ठेवली. मी म्हणालो, "आये, मी न्हाई नेणार." ती म्हणाली, "मग मी जाते." मी नेला. डॉक्टरांनी डबा बघितला, तो मांडीवर घेतला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. आईनं डबा बंद केला असता, तर त्यांना ते सोपं गेलं असतं आणि ते कदाचित पुढं माणसांत राहिले असते.

स्टड आले. रशीदभाई आले, मान खाली घालून कामाला लागले. मी शेडच्या दारात उभा राहून विचारलं, "आता कशाला?"

डॉक्टर म्हणाले, "उघडं ठेवून चालत नाही, कंपाउंडर."

सव्वा महिना झाल्यावर सुमनच्या सासरहून निरोप आला, नात आमची आहे, आमच्याकडे द्या. बरोबरच होतं. एवढ्याशा जीवाला घेऊन त्या उन्हात एस.टी.नं जाणं शक्य नव्हतं. आई स्वतः दवाखान्यात गेली आणि म्हणाली, "डाक्टर, मोटार काडा. पोरीला पोचवायचंय."

निघताना मी पुढं बसणार होतो. आई बाळाला घेऊन मागं फळीवर बसली आणि तिची नजर टपाच्या आकड्याकडे गेली. "आज बाटली लावली न्हाई का?"

"नको, मावशी," डॉक्टर म्हणाले.

"लावा," आई म्हणाली. "मलाबी बगायचंय."

मी म्हणालो, "आये, कशाला?" तिनं माझ्याकडे लक्ष दिलं नाही. डॉक्टर आत गेले, बाटलीत उकळलेलं पाणी भरून आणलं, आकड्याला लावली, थेंबांची चाल पूर्वीसारखी जुळवली. ती दोनदा चुकली, त्यामुळे वेळ लागला. मी डालड्याचा डबा घेऊन मागं आईशेजारी बसलो.

गाडी निघाली. मी त्या गाडीत वर्षानुवर्षं बसलो होतो, पण ही ती गाडी नव्हती. आवाज खाली बसला होता, एकसारखा झाला होता. जामखेड कधी गेलं कळलं नाही. आष्टी गेली. कड्याचा हॉटेलवाला दारात उभा होता, त्यानं हात वर केला, डॉक्टर थांबले नाहीत. बाळ झोपलं होतं. थेंब डब्यात पडत होता आणि आई त्याच्याकडे बघत होती, एकदाही मान न वळवता.

मग चिचोंडीचा चढ आला. मी डोळे मिटून घेतले. गाडी धापा टाकेल, अडेल, वाफ सोडेल, अशी मी देवाची करुणा भाकत होतो. बंद पड, म्हणत होतो, कशीही करून बंद पड. गाडीनं गेअरसुद्धा उतरवला नाही. सपाटीवरून जावी तशी ती चढ चढून वर गेली.

नगरच्या जकात नाक्यावर डॉक्टरांनी गाडी उभी केली. पूर्वी इथं ते उडी मारून मागं येत आणि बाटली बघत. आज ते स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसून राहिले. मी बाटलीकडे बघितलं नाही. पण थेंबाचा आवाज येत होता.

आईनं बाळाला दुसऱ्या हातावर घेतलं, मोकळ्या हातानं बाटलीचा तळ चाचपला.

"उरलं की रं," ती म्हणाली.

ती मला म्हणाली की त्यांना, मला माहीत नाही. डॉक्टर वळले नाहीत. पुढं श्रीरामपूरची वाट होती, मागं ट्रक भोंगे वाजवत होते, आणि त्यांचं इंजिन नाक्यावर उभ्या उभ्या चालू होतं, एकही ठोका न चुकता.